आपल्या हाताजोगा पटर

गोल्फ हा खेळ आपल्या समाजाला आता अगदीच परका राहिलेला नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या जमिनींवर ऊस लावला आणि तोडला, त्यांपैकी काही जमिनींवर आज कातरलेली हिरवळ पसरलेली दिसते. बेल ओंब्रचे मैदान तर एका जुन्या साखरेच्या कोठीच्या जमिनीवरच उभे आहे. आपली मुले तेथे नोकरीस आहेत, काही खेळतातही. आणि निवृत्तीनंतर सकाळच्या फिरण्याला एखादा हेतू हवा म्हणून हाती काठी धरणारे माझ्यासारखे शिक्षकही आता अपवाद राहिलेले नाहीत. अशा नवख्या खेळाडूंच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने स्मरणिकेच्या संपादकांची आज्ञा शिरसावंद्य मानून मी हे चार शब्द लिहीत आहे.

गोल्फच्या पिशवीत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. त्यांतील तेरा काठ्यांनी चेंडू उडवायचा असतो. चौदावी, म्हणजे पटर, चेंडू लोटत नेऊन होलात घालण्यासाठी असते. होलाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलीमीटर. चेंडूचा व्यास सुमारे ४३ मिलीमीटर. या दोन आकड्यांत जे अंतर आहे, त्यातच खेळाडूची सारी फजिती सामावलेली असते. बहात्तर फटक्यांच्या मैदानाची आखणी करताना प्रत्येक हिरवळीवर दोन याप्रमाणे छत्तीस फटके पटरचे धरलेले असतात. म्हणजे हिशेबाने निम्मा खेळ या एकाच काठीने व्हावयाचा असतो. असे असूनही आपण लांब मारायच्या काठीची निवड करताना आठ दिवस विचार करतो आणि पटर मात्र दुकानातून निघता निघता उचलतो.

मीही तसाच उचलला. दूरचित्रवाणीवर एका नामांकित खेळाडूच्या हाती पाहिला होता तसाच मोठ्या, चंद्रकोरीसारख्या डोक्याचा, पस्तीस इंच लांबीचा, किंमत सांगण्यास आजही संकोच वाटावा असा. दुकानातील तरुणाने तो सर्वांत नवा असल्याचे सांगितले, आणि मी तेवढ्यावर समाधान मानले. खरे कारण वाचकांपासून का लपवावे? त्या मैदानावर मी पहिल्यांदा पाऊल ठेवले तेव्हा आपण येथले नाही, कोणीतरी आपल्याला हटकेल, अशी एक जुनी भीती मनात होती. निदान हातातली काठी तरी अशी असावी, की तिच्याकडे पाहून कोणी हसू नये, असे वाटले. पटर घेतला तो हातासाठी नव्हे, तर इतरांच्या डोळ्यांसाठी घेतला.

त्यानंतरचे सहा महिने माझा चेंडू तीन-चार फुटांवरूनही होलाच्या उजव्या कडेने निघून जात राहिला. मी पायांची ठेवण बदलली, चेंडू मागे-पुढे ठेवून पाहिला, श्वास रोखून पाहिला. चेंडू उजवीकडेच.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. वयाने ऐंशीच्या पुढे. तरुणपणी पावसाळी महिन्यांत कोठीवर आणि एरवी साहेबलोकांच्या पिशव्या वाहण्यात त्यांचे दिवस गेले. कॅडी म्हणून त्यांनी किती जणांचा खेळ पाहिला असेल याची मोजदाद नाही. स्वतः मात्र चोरून, संध्याकाळी मैदान रिकामे झाल्यावर, तुटक्या काठीने चार चेंडू मारले असतील तेवढेच. एके दिवशी मी ओट्यासमोरच्या सिमेंटवर सराव करीत होतो, तेव्हा ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहून म्हणाले, "मास्तर, ती काठी जरा इकडे द्या बघू."

त्यांनी पटर आडवा केला आणि दांडा, डोक्याच्या जरा अलीकडे, एका बोटावर तोलून धरला. पटरचे मुख, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, हळूहळू फिरून सरळ आभाळाकडे वळली आणि स्थिर झाली. "ही सरळ जाणारी काठी," काका म्हणाले. "आणि तुमचा हात चालतो गोल. तुम्ही मागे नेता तेव्हा मुख उघडतं, पुढे येताना ते मिटायला हवं. ही मिटू देत नाही. चेंडू उजवीकडे जाणार नाही तर काय होईल?"

सहा महिन्यांचे कोडे त्यांनी एका बोटावर सोडवले. या परीक्षेचे मर्म जरा विस्ताराने सांगणे योग्य होईल, कारण पटर निवडण्याची खरी किल्ली तीच आहे.

काही खेळाडूंचा पटर घड्याळाच्या लंबकासारखा सरळ मागे आणि सरळ पुढे जातो. त्यांचे खांदे हलतात, मनगटे नाही. इतरांचा पटर दाराच्या फळीसारखा किंचित कमानीने फिरतो: मागे जाताना आतल्या बाजूला, चेंडूपाशी सरळ, पुढे पुन्हा आत. यांपैकी कोणतीही रीत चूक नव्हे. परंतु ज्या पटरचे वजन असे वाटलेले असते की बोटावर तोलल्यास त्याचे मुख आभाळाकडे पाहते, तो फिरायला नाखूष असतो. तो सरळ रीतीच्या खेळाडूला साजतो. दुकानदार त्याला 'फेस बॅलन्स्ड' म्हणतात. ज्याचा पुढचा भाग, पायाच्या भाषेत बोलायचे तर चवडा, बोटावर तोलताच जमिनीकडे झुकतो, तो आपण होऊन उघडतो-मिटतो. तो कमानीच्या रीतीला साजतो. त्याला 'टो हँग' म्हणतात. चवडा थोडा झुकणारा, निम्मा झुकणारा, पार खाली लोंबणारा, असे त्यात प्रकार आहेत. जितकी कमान मोठी तितका झुकाव अधिक चालतो. मोठ्या डोक्याच्या पटरांपैकी बरेच पहिल्या जातीचे आणि अरुंद पात्याच्या पटरांपैकी बरेच दुसऱ्या जातीचे असतात. परंतु रूपावर विसंबू नये, कारण आता उलट घडणीचेही पुष्कळ मिळतात. बोटावर तोलून पाहावे.

आपली रीत कोणती, हे कळायला गुरू लागत नाही. घरात भिंतीच्या कडेला, फरशीच्या पट्टीला पटरचा चवडा अगदी टेकवून उभे राहा आणि नेहमीसारखा हात चालवा. मागे जाताना चवडा भिंतीपासून दूर सरकला तर तुमची कमान आहे; भिंतीला घासतच राहिला तर तुम्ही सरळ रीतीचे. दहा वेळा करून पाहा. पहिल्या दोन-तीन वेळा माणूस सावधपणे हात चालवतो, आपला नैसर्गिक हात नंतर प्रकट होतो.

रीतीनंतर लांबीचा विचार. दुकानातील फळीवरचे बहुतेक पटर चौतीस-पस्तीस इंचांचे असतात. आपल्यापैकी पुष्कळांची उंची पाहता ते लांब पडतात. लांब काठी हाती आली की माणूस चेंडूपासून दूर उभा राहतो, किंवा कोपरे बगलेत दुमडून काठी वर उचलतो. दोन्ही प्रकारांत नजर चेंडूच्या रेषेवरून ढळते आणि होल जिथे आहे तिथे दिसत नाही. याची चाचणी अशी: चेंडूपाशी आपल्या पवित्र्यात उभे राहावे, दुसरा चेंडू दोन्ही डोळ्यांच्या मध्ये, नाकाच्या मुळाशी धरावा आणि सोडावा. तो खालच्या चेंडूवर पडला, किंवा त्याच्या किंचित अलीकडे, आपल्या पायांच्या बाजूस पडला, तर ठीक. पलीकडे पडला किंवा फारच अलीकडे पडला, तर लांबी किंवा पवित्रा यांपैकी काहीतरी चुकते आहे. मला अखेरीस तेहतीस इंच लागू पडले. दांडा कापून घेता येतो, पण त्याबरोबर डोके हातात हलके भासू लागते आणि त्याला थोडे वजन जोडावे लागते. जाणकार कारागीर हे आपण होऊन सांगतो, न सांगणाऱ्याकडे कापायला देऊ नये.

पटरचे मुख अगदी उभे नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते साधारण तीन-चार अंश मागे कललेले असते. चेंडू गवतात आपल्या वजनाने किंचित रुतलेला असतो. त्याला त्या खळगीतून अलगद काढून मग लोळवायचे, यासाठी हा कल. उष्ण प्रदेशातील गवताची पाती जाड असतात आणि एका दिशेला झुकून वाढतात. झुकलेल्या दिशेने चेंडू धावतो, उलट दिशेने अडखळतो. असल्या हिरवळीवर फार उभ्या मुखाचा पटर चेंडूला सुरुवातीलाच ठेच लावतो. म्हणून दूरदेशीच्या आरशासारख्या गुळगुळीत हिरवळीवरचा पटर येथे तसाच चालेल असे धरून चालू नये.

पटरच्या घडणीला एक गमतीदार इतिहासही आहे. १९०४ साली वॉल्टर ट्रॅव्हिस नावाच्या अमेरिकन खेळाडूने इंग्लंडात सँडविच येथे ब्रिटिश हौशी अजिंक्यपद जिंकले. स्पर्धेपूर्वी त्याचे पटिंग बिघडले होते. त्याने कोणाकडून तरी एक विचित्र पटर घेतला, त्याचा दांडा टाचेशी नसून डोक्याच्या मध्याजवळ बसवलेला होता. त्या पटरचे नाव 'स्केनेक्टडी'. ते न्यूयॉर्क राज्यातील ज्या गावी तो तयार झाला त्या गावाचे. परक्या माणसाने परक्या काठीने करंडक नेला, हे तेथील जुन्या मंडळींना रुचले नसावे असे म्हणतात. खरे-खोटे त्यांचे त्यांना ठाऊक; परंतु १९१० मध्ये सेंट अँड्र्यूजच्या नियामक मंडळाने मध्यभागी दांडा असलेले असे पटर निषिद्ध ठरवले, आणि तो निषेध चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला.

दुसरी गोष्ट कार्स्टन सोल्हाइमची. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला हा अभियंता उशिरा गोल्फ शिकला आणि आपले पटिंग पाहून वैतागला. त्याने दोष हातांना न देता काठीला दिला. डोक्याचे वजन मध्यावरून काढून टाच आणि चवडा या दोन टोकांना वाटले, तर चेंडू मध्याच्या जरा बाजूला लागला तरी डोके पिरगळणार नाही, असे त्याचे गणित होते. त्याने १९५९ मध्ये केलेल्या पहिल्या पटरचा चेंडूवर 'पिंग' असा नाद येई, म्हणून तेच नाव पडले. १९६६ मध्ये त्याने केलेला 'अ‍ॅन्सर' नावाचा पटर आज जगातल्या निम्म्या अरुंद पटरांचा पूर्वज आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. इंग्रजी शब्दाचे एक अक्षर त्या नावातून गाळावे लागले, कारण पूर्ण नाव पटरवर मावत नव्हते. ही युक्ती त्याच्या पत्नीची.

परंतु हाताजोग्या खेळाचा खरा धडा मला या दोघांपेक्षा एका तिसऱ्या माणसापासून मिळाला, आणि तो आपल्याच नात्यातला म्हणावा लागेल. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात १८६० पासून आपल्यासारख्याच करारावर, आपल्यासारख्याच उसासाठी हिंदी माणसे नेण्यात आली. त्यांच्या समाजात, दर्बानजवळ, सेवशंकर 'पापवा' सेवगोलम जन्मला. शाळा फारशी घडली नाही. लहानपणापासून गोऱ्यांच्या मैदानावर कॅडीचे काम. शिकवणारे कोणी नव्हते, म्हणून काठी त्याने आपल्या मनाने धरली: उजव्या हाताचा खेळाडू डावा हात वर आणि उजवा खाली धरतो, पापवाने नेमका उलटा, डावा खाली आणि उजवा वर. ज्याने ज्याने ही मूठ पाहिली त्याने ती चूक ठरवली असती. परंतु ग्रॅहॅम वुल्फ नावाच्या एका उद्योजकाने त्याचा खेळ पाहिला आणि त्याला युरोपात नेले. १९५९ मध्ये पापवाने डच ओपन जिंकली, १९६० मध्ये पुन्हा, आणि १९६४ मध्ये तिसऱ्यांदा.

१९६३ मध्ये दर्बान येथे त्याने नाताळ ओपन जिंकली. वर्णद्वेषी कायद्यांमुळे क्लबाच्या इमारतीत त्याला प्रवेश नव्हता. पाऊस पडत होता. गोरी मंडळी आत होती, आणि विजेत्याने बाहेर पावसात उभे राहून चषक स्वीकारला. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर गेले. १९६५ मध्ये त्याने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. त्या वेळी गॅरी प्लेअरसारखा जगज्जेताही मैदानात होता. पुढे त्याला गोऱ्यांच्या स्पर्धांतून वगळण्यात आले, पारपत्र काढून घेण्यात आले, आणि १९७८ मध्ये तो गरिबीतच निवर्तला. दर्बानमधील एका मैदानाला आज त्याचे नाव आहे.

ही हकीकत मी काकांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आम्हीही पावसातच उभे असायचो. फक्त चषक नव्हता." आणि हसले.

आता गंमत पाहा. पापवाची ती उलटी मूठ लांब फटक्यांसाठी आजही विरळाच. परंतु पटिंगमध्ये ती सर्रास झाली आहे. जॉर्डन स्पीथने २०१५ मध्ये मास्टर्स जिंकली ती डावा हात खाली धरूनच. या मुठीत डावे मनगट ताठ राहते आणि उजव्या हाताची घाई आवरली जाते. ज्यांचा हात लहान अंतरावर अचानक झटका देतो, त्यांनी ती अवश्य करून पाहावी. या झटक्याने जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरला अनेकदा ग्रासले. त्याने मुठी बदलल्या, डाव्या हाताच्या कोपराखालच्या भागाशी दांडा उजव्या हाताने आवळून धरण्याची एक चमत्कारिक रीत काढली आणि तीच वापरून १९९३ मध्ये दुसऱ्यांदा मास्टर्स जिंकली. पुढे लांब पटरकडे वळला. आपल्या बेटाच्या पूर्वेस इल ओ सेर्फवरचे, २००३ मध्ये खुले झालेले मैदान याच लँगरने आखलेले आहे. तेथील अवघड हिरवळींवर आपला चेंडू भरकटला, तर आखणाऱ्यालाही या दुःखाची पूर्ण कल्पना होती, एवढे समाधान मानावे. लांब पटर आजही चालतो. मात्र १ जानेवारी २०१६ पासून त्याचे टोक छातीला किंवा पोटाला टेकवून फटका मारणे नियमबाह्य आहे. जुना माल विकणारे काही जण हे सांगत नाहीत.

मुठीवरच्या आवरणाविषयी दोन शब्द. बारीक आवरणाने बोटांना चेंडूची जाणीव अधिक होते, जाडाने मनगटे शांत राहतात. ज्यांचे हात कष्टाने जाड झाले आहेत किंवा वयाने सांधे धरले आहेत, त्यांना जाड आवरण सुखाचे वाटते. आवरण बदलणे फार खर्चाचे नाही. पटर टाकून देण्यापूर्वी हा उपाय करून पाहावा. मुखात मऊ पदार्थ बसवलेला असावा की निखळ धातू, हा बराचसा कानाचा प्रश्न आहे. मऊ मुखाचा आवाज दबका, धातूचा खणखणीत. फटका किती जोराचा बसला हे आपण नकळत आवाजावरून जोखतो, म्हणून जो आवाज आपल्या कानाला कळतो तो घ्यावा.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही लिहून ठेवतो. त्यांच्या वडिलांचा ऊसतोडीचा कोयता घरातले दुसरे कोणी वापरू शकत नसे. पाते कोठीवरचेच, सर्वांना मिळे तसे; परंतु दांडा त्यांनी स्वतः तासला होता, आपल्या पंज्याच्या मापाने, अंगठ्यासाठी खाच ठेवून. दुसऱ्याच्या कोयत्याने दिवसभर तोडणी केली तर रात्री हात सुजतो, असे ते म्हणत. "आणि तुम्ही मास्तर," काका म्हणाले, "दूरदर्शनवरच्या माणसाचा कोयता घेऊन आलात."

दुकानात जाल तेव्हा आपला चेंडू बरोबर न्यावा. गालिच्यावर दोन-चार फटके मारून निर्णय करू नये. गालिच्यावर सर्वच पटर चांगले असतात. शक्य असेल तर सरावाच्या हिरवळीवर न्यावा आणि आधी तीन फुटांवरून दहा चेंडू मारून ते कोणत्या बाजूला चुकतात ते मोजावे, किती गेले ते नव्हे. चुका दोन्ही बाजूंना सारख्या होत असतील तर दोष बहुधा हाताचा. एकाच बाजूला होत असतील तर पटरचा संशय घ्यावा. मग वीस फुटांवरून मारावे आणि चेंडू होलाच्या अलीकडे थांबतो की पलीकडे जातो ते पाहावे. अंतर आवरत नसेल तर डोक्याचे वजन हाताला मानवत नाही. वापरलेले पटर स्वस्तात मिळतात आणि पटर हे असे हत्यार आहे की ते फारसे झिजत नाही. दुकानदार गडबड करू लागला तर नमस्कार करून निघावे.

माझा सध्याचा पटर अरुंद पात्याचा, चवडा निम्मा झुकणारा, तेहतीस इंचांचा, कोणीतरी वापरून टाकलेला आहे. त्याच्या टाचेपाशी एक ओरखडाही आहे. तीन फुटांवरचे चेंडू आता बहुधा आत जातात. तो चंद्रकोरी पटर वर्षभर कपाटामागे उभा होता. मागच्या गणपतीत जावई घरी आले, त्यांना भिंतीपाशी उभे करून हात चालवायला सांगितला. चवडा फरशीच्या पट्टीला घासत सरळ गेला आणि सरळ आला. पटर त्यांना दिला. उंचीही पावणेसहा फूट आहे, त्यामुळे पस्तीस इंच त्यांना बरोबर बसतात, आणि गेल्या रविवारी त्यांनी मला दोन फटक्यांनी हरवले.